आई सगळं चोथ्याचं खाते, तरी पोट साफ नाही. फायबर अजून किती वाढवू?

वसंतविहारवाली
विषय चारचौघांत काढायचा नाही, म्हणून इथे काढते. आई ७६ वर्षांची, ठाण्यात आमच्याकडेच असते. गेल्या पावसाळ्यापासून तिचं पोट नीट साफ होत नाही. दोन-तीन दिवस काहीच नाही, मग खडा, मग कुंथून कुंथून घामाघूम. खाण्यात मी काही कमी ठेवलेलं नाही. सकाळी ओट्स, दुपारी ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी, रात्री इसबगोल. हल्ली कणकेत वरून गव्हाचा कोंडाही मिसळते. त्याने पोट फुगतं, गॅस होतात, बाकी जैसे थे. आई म्हणते, "एवढा चोथा गाईलाही घालत नाहीत गं."

प्रश्न एवढाच: फायबर अजून वाढवायचं का, आणि किती? की दुसरं काही बघायचं? बीपीची आणि हाडांची गोळी चालू आहे. शुगर नाही.

सानपाड्याचा_संजू
इसबगोल दोन चमचे, रात्री गरम दुधातून. विषय संपला.

वसंतविहारवाली
संजूभाऊ, तेच चालू आहे हो. पोस्ट वाचा की!

चहाबाज
आमचे तीर्थरूप ८४ चे. कोमट पाणी, चहा, पेपर, मोहीम फत्ते. पेपरवाला उशिरा आला की मात्र घरात आणीबाणी.

आकडेमोड_नेरुळ
आधी हिशेब करू, मग वाढवायचं का ते ठरवू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मोठ्या माणसांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम फायबर सांगितलं, तेही खाण्यातलं, डब्यातल्या पावडरीचं नव्हे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते धरले तर १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम, बाजरीत साडेअकरा आणि पांढऱ्या तांदळात जेमतेम पावणेतीन. अख्ख्या मुगात १७. पेरूत साडेआठच्या आसपास.

म्हणजे दोन मध्यम भाकऱ्या, वाटीभर मुगाची उसळ आणि एक पेरू एवढ्यावरच वीस-बावीस होतात. त्यात पालेभाजी आणि ओट्स आले, वर इसबगोल आणि कोंडा. तुमच्या आईंचं फायबर कमी नाही, बहुतेक पुरून उरतंय. वाढवायचा प्रश्नच मला पटत नाही. दुसरीकडे शोधा.

भाकरीप्रेमी
सहमत नाही. ओट्स काढा, नाचणी द्या. परदेशी घास आपल्या आतड्यांना कळत नाही.

आकडेमोड_नेरुळ
आतडी पासपोर्ट बघत नाहीत साहेब.

गोळीवाला_कोपरी
पस्तीस वर्षं औषधाच्या काउंटरमागे उभा आहे, म्हणून सांगतो. पोट साफ होत नाही म्हणून औषध मागायला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला मी आधी त्यांची गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला लावतो. निम्म्या वेळा चोर पिशवीतच सापडतो.

हाडांची गोळी म्हणजे कॅल्शियम ना? कॅल्शियम कार्बोनेटने अनेकांना घट्ट होतं. लोहाच्या गोळीने तर हमखास. बीपीच्या गोळ्यांमध्ये वेरापामिलचं नाव यासाठी बदनाम आहे, अम्लोडिपिनने काहींनाच होतं. पाणी काढणारी बीपीची गोळी असेल तर अंगातलं पाणी कमी, मळ कोरडा. शिवाय पित्ताची अ‍ॅल्युमिनियमवाली पातळ औषधं, कोडीनचं खोकल्याचं औषध, गुडघ्यासाठी कोणी दिलेलं ट्रामाडॉल, झोपेसाठी किंवा नसांसाठी रात्रीचं अमिट्रिप्टिलिन, वारंवार लघवी होते म्हणून दिलेल्या गोळ्या, पार्किन्सनच्या गोळ्या. दोन-तीन एकत्र आल्या की कोंडा पोत्याने खाल्ला तरी उपयोग नाही.

हे वाचून कोणी स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, विशेषतः बीपीची. यादी कागदावर लिहा, डॉक्टरांसमोर ठेवा आणि "यातली कुठली पोट धरते?" असं सरळ विचारा. आणि पावसाळ्याच्या सुमाराला कुठली नवीन गोळी सुरू झाली ते आठवा.

इसबगोलचंही एक. ते इतर गोळ्यांसोबत घेऊ नये, दोन तासांचं अंतर ठेवा. गोळी त्या चिकट गोळ्यात अडकून बसते. आणि ते कमी पाण्यात घेऊन लगेच आडवं व्हायचं, हे तर अजिबात नको. पूर्ण ग्लासभर पाण्यात ढवळून घट्ट व्हायच्या आत प्यायचं, वर अजून थोडं पाणी. गिळायला त्रास असलेल्या म्हाताऱ्यांच्या घशात ते अडकू शकतं.

वैद्यांची_नात
आमच्या आजोबांकडे खारीगावापासून माणसं यायची. ते म्हणत, आधी कोठा (पोट साफ होण्याची प्रकृती) ओळखा, मग औषध. मृदू कोठ्याला मनुकांचं पाणी पुरतं, क्रूर कोठ्याला एरंडेल. त्रिफळा (हिरडा, बेहडा, आवळकाठी) रात्री अर्धा चमचा कोमट पाण्यातून. चोथा वाढवायचा तर तूपही वाढवा, नुसता रुक्ष चोथा वाताला बोलावणं देतो. पोट फुगतंय ते त्यामुळेच.

गोळीवाला_कोपरी
नातबाई, मनुकांवर आणि तुपावर माझं भांडण नाही. एरंडेलावर आहे. ७६ व्या वर्षी जुलाब लागून अंगातलं पाणी गेलं, बीपी उतरलं आणि बाई बाथरूममध्ये पडल्या, तर मांडीचं हाड जातं. कोठा राहिला बाजूला.

वैद्यांची_नात
एरंडेल रोज द्या असं कुठे म्हटलं मी? आजोबाही सत्तरीपुढच्यांना हात आखडूनच द्यायचे. पण बाजारातली "रात्री घ्या, सकाळी मोकळे व्हा" चूर्णं लोक वर्षानुवर्षं खातात, त्यात बहुतेक सोनामुखीच असते. त्यावर कोणी बोलत नाही.

डोंबिवलीतून_पाहुणा
सोनामुखीने आतडी कायमची लुळी पडतात म्हणे?

गोळीवाला_कोपरी
तसा पक्का पुरावा नाही. आतड्याचा आतला रंग काळपट होतो, तो सोडल्यावर जातो. डॉक्टर स्वतःही ती देतात. पण आपण काय घेतोय, किती घेतोय हे माहीत नसताना घेणं वेगळं. पोटात मुरडा, पोटॅशियम कमी, असे प्रकार होतात.

चहाबाज
धागा वाचता वाचता मोहीम फत्ते झाली. आभार.

निवृत्त_सिस्टर
मी वॉर्डात आयुष्य काढलं, म्हणून एक गोष्ट इथे लिहिलीच पाहिजे, कारण ती घरच्यांच्या लक्षात येत नाही.

म्हाताऱ्या माणसाला आठ दिवस नीट झालेलं नसतं आणि मग अचानक पातळ, पाण्यासारखं, दिवसात चार-पाच वेळा, कधी कपड्यातच. घरचे म्हणतात जुलाब लागले, आणि जुलाब थांबवायची गोळी देतात. खरं तर खाली मळाचा घट्ट गोळा बसलेला असतो आणि वरचं पाणी त्याच्या कडेने झिरपत असतं. थांबवायच्या गोळीने तो गोळा अजून पक्का होतो. अशा माणसाची भूक जाते, मळमळतं, लघवी अडते, आणि कित्येकदा तो असंबद्ध बोलायला लागतो. लोकांना वाटतं मेंदूचं काही झालं. आम्ही बोट घालून तपासायचो (लाजू नका, तपासणी हीच आहे), एनिमा द्यायचो, आणि दुसऱ्या दिवशी आजी नातवंडांची नावं घ्यायच्या.

गोळा बसलेला असताना वरून इसबगोल, कोंडा ओतणं म्हणजे नाका बंद असताना मागून ट्रक सोडत राहणं. घोडबंदर रोडवाल्यांना वेगळं सांगायला नको. आधी वाट मोकळी करायची, मग फायबर. आणि ज्यांचं आतडंच मंद चालतं, त्यांना फायबर वाढवल्याने फुगवटा तेवढा वाढतो. त्यांना पाणी ओढून मळ मऊ करणारी औषधं, लॅक्टुलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर, जास्त सोसतात. लॅक्टुलोजने काहींना गॅस होतात.

वसंतविहारवाली ताई, आईंना कोणी नुसतं विचारून न सोडता तपासलंय का?

वसंतविहारवाली
नाही हो. डॉक्टरांना फोनवर विचारलं, त्यांनी फोनवरच सिरप सांगितलं. कॅल्शियम मात्र जूनमध्येच सुरू झालं, गोळीवाले काका. हाडांची तपासणी केली होती, त्यानंतर.

गोळीवाला_कोपरी
घ्या.

जुना_नौपाडाकर
सगळे खाण्यावर आणि गोळ्यांवर बोलताय. बसायचं कसं यावर कोणी बोलेना.

आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. जुन्या घरात भारतीय पद्धतीचं भांडं होतं. नव्या फ्लॅटच्या आराखड्यात दोन्ही बाथरूममध्ये कमोड. सोसायटीच्या सभेत मी म्हटलं, एक तरी भारतीय ठेवा, तर तरुण मंडळी हसली. आमचे अण्णा जन्मभर उकिडवे बसलेले. कमोडवर त्यांचे पाय जमिनीला जेमतेम टेकतात. बसतात, वाट बघतात, उठून येतात. बिल्डरला काय, त्याला चकचकीत नळ दाखवायचे असतात.

नंतर फिजिओथेरपीवाल्या मुलीने समजावलं. गुदाशयाभोवती स्नायूचा एक पट्टा असतो, तो आतड्याला पुढे ओढून तिथे वाकण ठेवतो, म्हणून आपण दिवसभर धरून ठेवू शकतो. उकिडवं बसलं की पट्टा सैल पडतो आणि वाट बरीच सरळ होते. कमोडवर काटकोनात बसलं की तो पूर्ण सैल होत नाही. उपाय साधा: पायाखाली छोटं स्टूल, गुडघे कमरेच्या वर, कोपर मांडीवर, थोडं पुढे वाकायचं, श्वास कोंडून जोर लावायचा नाही. अण्णांना फरक पडला. रोज नाही, पण पडला.

खारघर_फिजिओ
बरोबर सांगितलंय तिने. दोन गोष्टी जोडते. स्टूलवर चढायचं नाही, आधी कमोडवर बसायचं आणि मग स्टूल पायाने पुढे ओढायचं. भिंतीला धरायला दांडा हवाच. आणि खुब्याचा सांधा बदललेला असेल तर गुडघे इतके वर घ्यायची परवानगी आहे का ते आधी सर्जनला विचारा.

काहींचं दुखणं मात्र वेगळंच असतं. जोर लावतात तेव्हा खालचा स्नायू सैल पडायच्या ऐवजी आवळतो. मऊ असलं तरी बाहेर येत नाही, बोटाने मदत करावी लागते, झाल्यावरही राहिल्यासारखं वाटतं. त्यांना चोथ्याने काही होत नाही. बायोफीडबॅक नावाचं प्रशिक्षण असतं, स्नायू सोडायला शिकवतात. वय झालेल्यांनाही जमतं.

नणंद_भावजय
मला वाटतं खरं दुखणं बाथरूमच्या रांगेत आहे. सकाळी उठल्यावर आणि चहा-नाश्ता पोटात गेल्यावर आतडं आपोआप हलतं, कळ येते ती तेव्हाच. आणि नेमकं तेव्हाच आमच्या घरात मुलाला ८ ची लोकल, सुनेला ऑफिसची बस, नातवाची शाळा. सासूबाई म्हणतात, "तुमचं होऊ द्या, मी निवांत जाईन." निवांत म्हणजे दहा वाजता. तोवर कळ गेलेली. आज गेली, उद्या गेली, मग आतडंही सांगणं सोडतं. मोठ्या माणसांना कळ मुळातच मंद जाणवते म्हणतात. आम्ही आता त्यांच्या चहानंतरची वीस मिनिटं त्यांच्या नावावर केली आहेत. नातू ओरडतो. ओरडू दे.

वसंतविहारवाली
नणंद_भावजय, तुम्ही आमच्या घरात कॅमेरा लावलाय का? आई अगदी हेच वाक्य बोलते.

पाम_बीच_वॉकर
पाण्याचं कोणी बोलेल का? माझी आई पाणीच पीत नाही. का, तर बाहेर गेलं की जायचं कुठे. तलावपाळीला फिरायला जायचं म्हणून सकाळपासून घोटभरच. वर म्हातारपणी तहानही कमी लागते. इसबगोल आणि कोंडा घालायचा आणि पाणी द्यायचं नाही, हे तर सिमेंट.

सीवूड्सचा_नातू
पण सरसकट "पाणी प्या" सांगू नका. माझ्या आजोबांना हृदयाचा त्रास आहे, डॉक्टरांनी दिवसाचं पाणी मोजून दिलंय. किडनीवाल्यांचंही तसंच. त्यांना मॅग्नेशियमवालं पोट साफ करायचं औषध आणि शहाळंसुद्धा विचारूनच.

कवळीवाली_काकू
मला सांगा, सॅलड खा, पेरू खा म्हणता, चावायचं कशाने? पेरूची बी कवळीखाली गेली की ब्रह्मांड आठवतं. कवळी आली की माणूस आपसूक वरणभात, दूधपोळी, पेज आणि खारीवर येतो. चोथा तिथेच संपला.

मी काय करते ते सांगते. गाजर-बीट किसून, वाफवून, दह्यातली कोशिंबीर. पालकाची ताकातली भाजी, डाळ-दाणे मऊ शिजवून. लाल भोपळा. मोड आलेले मूग कुकरमध्ये गाळ होईपर्यंत. पिकलेली पपई. अंजीर आणि काळे मनुके रात्री भिजवून सकाळी पाण्यासकट. जवसाची चटणी, पण बारीक पूड करून, अख्खी जवस तशीच बाहेर जाते. कणीक चाळायची नाही. एकादशीला साबुदाणा नाही, रताळं आणि राजगिरा. साबुदाण्यात चोथा जवळजवळ नाहीच, आणि दुसऱ्या दिवशी सगळी सोसायटी इनो शोधत फिरते.

भाकरीप्रेमी
काकू, तुमच्याकडे जेवायला कधी येऊ?

एपीएमसी_पहाटे
फळांचा धंदा माझा, वाशी मार्केटला. हल्ली ज्येष्ठ लोक किवी मागतात, पोटासाठी म्हणे. खरं की खूळ?

आकडेमोड_नेरुळ
खूळ नाही. न्यूझीलंड, इटली आणि जपानमध्ये मिळून चाचणी झाली होती, रोज दोन हिरव्या किवी विरुद्ध इसबगोल. किवीवाल्यांना चांगला फायदा झाला. ब्रिटनच्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२५ मध्ये बद्धकोष्ठासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात किवी आहे, इसबगोल आहे, राय धान्याचा ब्रेड आहे, खनिजं जास्त असलेलं पाणीही आहे. गंमत म्हणजे "फायबर भरपूर खा" या सरसकट सल्ल्याला मात्र त्यांना पुरेसा पुरावा सापडला नाही. याचा अर्थ भाकरी सोडा असा नाही. हृदयाला, साखरेला फायबर चांगलंच. पण एकदा बद्धकोष्ठ मागे लागलं की "अजून चोथा" हे उत्तर दर वेळी चालत नाही, आणि या धाग्याचा प्रश्न नेमका तोच होता.

एपीएमसी_पहाटे
म्हणजे पेरू मागे पडला?

आकडेमोड_नेरुळ
पेरूची तशी चाचणी कोणी केलेली माझ्या वाचनात नाही. किवी महाग वाटत असेल तर पपई-पेरू खा, फुगत नसेल तर उत्तमच.

येऊरचा_शेजारी
अवांतर: पावसात येऊरच्या बायका टाकळा, कुर्डू, भारंगी घेऊन बसतात. टाकळ्याची भाजी खाल्ली की दुसऱ्या दिवशी काही विचारायला नको. भारंगी मात्र कडू, उकळून पाणी टाका.

डोंबिवलीतून_पाहुणा
मुळात रोज झालंच पाहिजे का? माझ्या काकू एक दिवस नाही झालं की रडवेल्या होतात, आणि औषध घेतात.

निवृत्त_सिस्टर
दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढ्या पट्ट्यात डॉक्टर काळजी करत नाहीत, जर मऊ असेल आणि जोर लावावा लागत नसेल. आपल्याकडे रोजची सवय, म्हणून एक दिवस चुकला की घाबरतात. रोज होऊनही खडा आणि कुंथणं असेल तर ते बद्धकोष्ठच. मळ कसा दिसतो त्याचा, ब्रिस्टलचा १९९७ चा सात चित्रांचा तक्ता असतो, तिसरं-चौथं चित्र आलं की खूश राहायचं.

चहाबाज
तो तक्ता सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू का?

निवृत्त_सिस्टर
टाका, पण "सुप्रभात"च्या फुलांबरोबर नको.

थट्टा बाजूला ठेवून एक यादी: साठीनंतर सवय अचानक बदलली, रक्त पडतंय, वजन उतरतंय, हिमोग्लोबिन कमी झालंय, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग होता, यातलं काहीही असेल तर घरगुती प्रयोग नकोत, दुर्बिणीची तपासणी लागेल का ते विचारा. मूळव्याध म्हणून रक्ताकडे काणाडोळा करणारे मी पुष्कळ पाहिले. आणि पोट टम्म, उलट्या, वारासुद्धा सरत नाही, असं झालं तर त्याच क्षणी हॉस्पिटल. थायरॉईडची तपासणीही या वयात करून घ्यावी.

वसंतविहारवाली
तब्बल दीड महिन्याने उगवतेय, क्षमस्व. आईला दाखवलं. यादी घेऊन गेले होते, डॉक्टर म्हणाले असे पेशंट रोज यावेत. तपासलं तर खाली गोळा होता. एनिमा दिला, मग पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर. कॅल्शियमची गोळी दुसऱ्या प्रकारची दिली, बीपीची तीच ठेवली. थायरॉईड ठीक. कोंडा पूर्ण बंद, ओट्सही आईनेच बंद केले (भाकरीप्रेमी, आनंद माना). भाकरी, उसळ, पपई चालू. इसबगोल सध्या नको म्हणाले.

सकाळी चहानंतर बाथरूम आईचं, हे जाहीर केलं. नवरा शेजारच्यांकडे जायची धमकी देतो. आता बहुतेक दिवशी होतं. मध्ये लग्नाला पुण्याला गेलो तेव्हा पुन्हा अडलं, तिथे सगळं वेगळंच.

नणंद_भावजय
प्रवासात अडतंच. पावडर बरोबर न्यायची. आणि लग्नघरात बाथरूमचा नंबर म्हणजे विचारूच नका.

सानपाड्याचा_संजू
म्हणजे इसबगोलने विषय संपला नाही तर.

गोळीवाला_कोपरी
संजू, दुकानात ये, यादी घेऊन.

कळव्याची_सून
आमच्या सासऱ्यांना अर्धांग आहे, बिछान्यातच असतात. शेजारी म्हणतात लिक्विड पॅराफिन द्या, मस्त सरकतं.

निवृत्त_सिस्टर
नको गं. आडव्या माणसाला, त्यातून अर्धांगात गिळणं बिघडलेलं असतं, ते तेल श्वासनलिकेत उतरलं तर फुफ्फुसात बसतं. त्यांच्या डॉक्टरांकडून दुसरं घे. चहानंतर पंधरा मिनिटांनी बसतं करून कमोडच्या खुर्चीवर बसवायचा प्रयत्न कर, कुशीवरच्या बेडपॅनपेक्षा बरं. बसवताना दोघं लागतील.

कळव्याची_सून
करते. सिस्टर, ते पायाखालचं स्टूल कुठे मिळेल? ऑनलाइन फार महाग दिसतंय.

जुना_नौपाडाकर
जांभळी नाक्याला प्लास्टिकच्या दुकानात बाथरूमचा पाट मागा. सात ते नऊ इंच उंचीचा. खाली रबराची बुटं आहेत का बघा, ओल्या फरशीवर सरकतो.

खारघर_फिजिओ
अर्धांग असेल तर पाट नको, पाय निसटतो. खुर्चीलाच पाय टेकवायची पट्टी असलेली घ्या.